कोकणातून स्पोर्ट्स कार रेसिंगमध्ये यायचं असेल तर

आंबा घाट किंवा आंबोली झपाट्याने उतरता येते, म्हणजे आपल्याला रेसिंग जमेल, असं रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बऱ्याच मुलांना वाटतं. घाटात हात तयार होतो हे खरं, पण तो वेगळ्या कामासाठी. वळणावर अचानक समोर येणारी एसटी, सुटलेली दरड, रस्त्यावर वाहून आलेली लाल माती, यांच्यासाठी आपण कायम थोडी जागा आणि थोडा ब्रेक शिल्लक ठेवतो. रस्त्यावर तेच बरोबर. ट्रॅकवर मात्र ती शिल्लक शेवटच्या वीतभर जागेपर्यंत वापरायची असते: बाहेरच्या कडेवरून आत, आतल्या कडेला स्पर्श, पुन्हा बाहेर. हे रस्त्यावर शिकता येत नाही. शिकायला गेलात तर कुणाच्या तरी घरात रडारड होईल. तेव्हा घाट फक्त ओलांडायचा आणि कोल्हापूर गाठायचं.

कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे. कार्ट म्हणजे रेसिंग शिकण्याची छोटी, उघडी गाडी. रत्नागिरीहून अंतर साधारण १३० किलोमीटर, म्हणजे रविवारी पहाटे निघून रात्री घरी. सुरुवात भाड्याच्या कार्टने करा. आठ-दहा वर्षांचं मूल असेल तर उत्तमच, पण अठराव्या-विसाव्या वर्षी सुरुवात केली तरी कार्ट चुकवू नका.

कारण कार्ट खोटं खपवून घेत नाही. त्याला डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, नसतो, मागची दोन्ही चाकं एका अखंड ॲक्सलवर असतात. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. दोन्ही एकाच वेगाने फिरत राहिली तर कार्ट वळायला नकार देतं. म्हणून स्टिअरिंग फिरवताच मागचं आतलं चाक जमिनीवरून किंचित उचललं जायला हवं. पुढच्या चाकांच्या कॅस्टरमुळे (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) आणि चासिसच्या, म्हणजे सांगाड्याच्या पिळामुळे ते उचललं जातं. नवखा ड्रायव्हर स्टिअरिंग भीत भीत वळवतो, चाक उचललंच जात नाही, आणि वळणाच्या मध्यावर इंजिनाचा आवाज दबतो. तो आवाज कानाने ओळखायला शिका. आवाज दबला की पुढच्या सरळ रस्त्यावरचा वेळ तिथेच गेला.

लॅप टाइमचा, म्हणजे ट्रॅकच्या प्रत्येक फेरीच्या वेळेचा कागद हातात आला की सगळे आधी सर्वांत वेगवान लॅप बघतात. तुम्ही लॅप-लॅपमधला फरक बघा. सलग दहा लॅप तीन दशांश सेकंदांच्या आत बसत नसतील, तर वेगवान लॅप हा योगायोग होता. स्पोर्ट्स कार रेसिंगमध्ये हीच गोष्ट पुढे पोट भरते. इथे एक गाडी दोघं-तिघं मिळून चालवतात. टीमला असा माणूस हवा असतो, जो तासभर एकाच लयीत चालवेल आणि गाडी धड परत आणून पुढच्याच्या ताब्यात देईल.

स्वतःचं सामान घेताना पहिला खर्च बरगड्यांच्या प्रोटेक्टरवर आणि मापाच्या सीटवर करा. सीट सैल असली की वळणागणिक बरगडी कडेवर आपटते. एकदा चीर गेली की दीड-दोन महिने घरी. हेल्मेट दुचाकीचं चालणार नाही. पुढे कारमध्ये गेल्यावर एफआयए (मोटर स्पोर्टची जागतिक संघटना) मान्यतेचं हेल्मेट, आग सोसणारा सूट, हातमोजे, बूट आणि हान्स, म्हणजे धडकेत मान सांभाळणारा खांद्यावरचा आधार, लागतं. मान्यतेच्या लेबलवरची तारीख बघूनच सेकंडहँड घ्या. सेकंडहँड हेल्मेट तर घेऊच नका, आतला थर एकदा दबला असेल तर बाहेरून कळत नाही.

स्पर्धेसाठी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआयचं लायसन्स लागतं. त्यासाठी डॉक्टरांचा फिटनेस दाखला जोडावा लागतो. आपल्या देशातली मोठी शाळा दक्षिणेत आहे: कोइमतूरचा २.१ किलोमीटरचा कारी ट्रॅक आणि चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा. कोल्हापूरजवळून जाणारा ४८ नंबरचा हायवे बेळगाव, बंगळूर करत या दुसऱ्या ट्रॅकच्या दिशेनेच जातो. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा. कार्टनंतर एलजीबी फॉर्म्युला ४ (एका सीटची, उघड्या चाकांची रेस कार) किंवा टूरिंग कार (साध्या गाडीवरून बनवलेली रेस कार), आणि २०२३ पासून भारतात एफआयएची फॉर्म्युला ४ स्पर्धाही आहे.

जीटी गाड्यांसाठी, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेस गाड्यांसाठी, मात्र देशाबाहेर जावं लागतं. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये होता, २०१९ मध्ये तो जपानच्या सुपर जीटी मालिकेत चालवत होता. अर्जुन मैनी २०२१ पासून जर्मनीच्या डीटीएम मालिकेत जीटी३ वर्गाची मर्सिडीज चालवू लागला. तिथे एफआयए ड्रायव्हरला ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असा दर्जा देते. वर्ल्ड एन्ड्युरन्स या लांब पल्ल्याच्या स्पर्धेच्या एलएमजीटी३ वर्गात प्रत्येक गाडीत एक ब्रॉन्झ लागतोच. ब्रॉन्झ बहुधा स्वतःचा पैसा आणतो, आणि त्याला शिकवत सोबत चालवणारा ड्रायव्हर पगार घेतो. म्हणून शिकवता येणं हे या धंद्यातलं अर्धं भांडवल आहे. वळणात गाडी नेमकी कुठे घसरते, आत शिरताना, मध्यावर की गॅस देताना, हे इंजिनिअरला दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. ‘गाडी बरोबर वाटत नाही’ याचा त्याला काडीचा उपयोग नाही.

ड्रायव्हर बदलण्याचा सराव घरी खुर्चीवर करा, शंभर वेळा. उतरणारा रेडिओ आणि पाण्याची नळी काढतो, बकल उघडतो, आपला सीट इन्सर्ट (सीटमध्ये बसवायची स्वतःच्या मापाची गादी) घेऊन बाहेर पडतो. बसणारा आधी कमरेचे पट्टे आवळतो, मग खांद्याचे. कमरेचा पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे, नाहीतर धडकेत आतडी दबतात. घाईत रेडिओची पिन राहून जाते आणि पुढचा तासभर टीमचा आवाज येत नाही. ब्रेकचे पॅड बदलले असतील तर निघायच्या आत पेडल दोन-तीनदा दाबून कडक झालंय का बघायचं, कारण पिस्टन मागे ढकललेले असतात आणि पहिला दाब तळापर्यंत जातो. जीटी३ मध्ये एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असतो, पण पेडलवर ७०-८० किलोंचा जोर द्यावा लागतो, तोही डाव्या पायाने. सरावाला सिम्युलेटर घेतलात तर लोड-सेलचं, म्हणजे पायाचा जोर मोजणारं ब्रेक पेडल घ्या, बाकी सगळं साधं चालेल.

उकाड्याची सवय ही कोकणातल्या मुलाची जमेची बाजू. बंद गाडीत पारा पन्नाशीपुढे जातो. सरावाआधी आणि नंतर वजन करा, एक किलो घटलं म्हणजे सुमारे लिटरभर पाणी गेलं. मीठ-साखरेचं कोकम सरबत नंतर जरूर प्या, पण गाडीतल्या बाटलीत पाणी किंवा ओआरएसच ठेवा.

टीमशी करार करताना चार गोष्टी लिहून घ्या: टेस्टचे दिवस किती, नवे टायर किती सेट, डेटा बघायला मिळणार का, आणि गाडी आपटली तर भरपाई कुणाची, कमाल किती. घरचा आंब्याचा बाग गहाण पडतो तो बहुतेक या शेवटच्या ओळीमुळे.

पाऊस पडला की कोरड्या लाइनवरचं, म्हणजे एरवी गाड्या जातात त्या मार्गावरचं रबर साबणासारखं होतं, तेव्हा वळणात त्या लाइनच्या बाहेरून जायचं. कार्टच्या पुढच्या दोन चाकांमधलं अंतर वाढवायचं, मागच्या दोन चाकांमधलं कमी करायचं. आणि जून ते सप्टेंबर सामान बंद पेटीत ठेवू नका. खारट दमट हवेत हेल्मेटच्या अस्तराला बुरशी धरते आणि कार्टची चेन आठवड्यात गंजते. चेन तेलात बुडवून ठेवा, अस्तर सुटं करून पंख्याखाली वाळवा.