दिल्ली बघावी काळाच्या क्रमाने : चार दिवसांची सहल अशी आखा

दिल्लीच्या सहलीची आखणी बहुतेक घरांत यादीपासून सुरू होते. लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट, अक्षरधाम, लोटस टेंपल आणि जमलंच तर एका दिवसात आग्रा. मग ही यादी एखाद्या बसवाल्याच्या हाती जाते आणि तो त्याच्या सोयीने फिरवतो. सकाळी विसाव्या शतकातलं इंडिया गेट, दुपारी बाराव्या शतकाच्या अखेरीचा मिनार, संध्याकाळी सतराव्या शतकातला किल्ला. प्रत्येक ठिकाणी अर्धा तास आणि दोन फोटो. घरी आल्यावर सगळे घुमट एकसारखेच आठवतात.

त्यापेक्षा दिल्ली काळाच्या क्रमाने बघा. शहराची ठेवणही त्याला साथ देते. सगळ्यात जुनी दिल्ली दक्षिणेला, मेहरौलीत. मग एकेक राजवट आपलं शहर वसवत साधारण उत्तरेकडे सरकत गेली आणि शाहजहानने यमुनेकाठी शाहजहानाबाद बांधलं. इंग्रजांनी मात्र या दोन्हींच्या मधली मोकळी जमीन घेतली. त्यामुळे दक्षिणेकडून सुरुवात करून उत्तरेला जायचं आणि शेवटच्या दिवशी मध्यावर यायचं. चार दिवस लागतात. हातात तीनच दिवस असतील तर शेवटचा दिवस गाळा, पहिला गाळू नका.

आधी महिना, मग वार

फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला पंधरवडा सर्वांत उत्तम. हवा कोरडी, उन्हाचा त्रास नाही, बागांना फुलांचा बहर. शाळेच्या सुट्टीमुळे दिवाळी किंवा नाताळ गाठायचा असेल तर दोन गोष्टी लक्षात घ्या. दिवाळीनंतर नोव्हेंबरात तिथली हवा खूप खराब असते. घरात दम्याचा त्रास असलेलं किंवा वयस्कर माणूस असेल तर हा महिना टाळाच. डिसेंबरअखेर ते जानेवारी दाट धुकं पडतं आणि गाड्या तासन् तास उशिरा धावतात. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आगेमागे बंदोबस्तामुळे लाल किल्ला आणि मध्य दिल्लीतले बरेच रस्ते बंद असतात. मे-जूनच्या उन्हात मुलांना घेऊन किल्ले दाखवायला जाऊ नये.

महिना ठरला की वार. बहुतेक जण इथेच चुकतात. सोमवारी लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, लोटस टेंपल आणि अक्षरधाम ही सगळी बंद असतात. रविवारी चांदणी चौकातली बरीच दुकानं बंद. आग्र्याचा ताजमहाल शुक्रवारी बंद. आणि निजामुद्दीन दर्ग्यातली कव्वाली ऐकायची तर गुरुवारची संध्याकाळ हवी. म्हणून आखणी गुरुवारपासून करा. गुरुवार संध्याकाळ दर्ग्यासाठी ठेवली की बुधवार मेहरौली, शुक्रवार शाहजहानाबाद, शनिवार नवी दिल्ली असं सगळं आपोआप बसतं. घरून मंगळवारी निघायचं.

आग्रा या चार दिवसांत कोंबू नका. ताजसाठी वेगळा दिवस आणि शक्य तर एक मुक्काम काढा.

गाडी आणि मुक्काम

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. मुंबई सेंट्रलची राजधानी संध्याकाळी पाचच्या सुमारास निघून सकाळी साडेआठच्या सुमारास नवी दिल्लीला पोचते. नाशिक, जळगावकडच्यांना सीएसएमटीहून सुटणारी राजधानी सोयीची, ती हजरत निजामुद्दीनला जाते. पुण्याहून झेलम आणि गोवा एक्सप्रेस आहेत. त्यांना वेळ जास्त लागतो, पण खर्च कमी. विमानाने गेलात तर विमानतळावरून मेट्रोची एअरपोर्ट लाइन थेट नवी दिल्ली स्टेशनपर्यंत आणते.

हॉटेल निवडताना खोलीच्या फोटोंआधी मेट्रो स्टेशन चालत किती लांब आहे ते बघा. पहाडगंज आणि करोलबाग स्वस्त आहेत, पण गजबजलेले. कुटुंबासाठी मला लाजपतनगर जास्त पटतं. तिथून व्हायलेट लाइनने जामा मशीद आणि लाल किला ही स्टेशनं थेट गाठता येतात, हुमायूनचा मकबराही जवळ आणि संध्याकाळी बायकांना बाजारात फिरायला मोकळीक. मेट्रोचं कार्ड पहिल्याच दिवशी काढून घ्या. पहिला डबा स्त्रियांसाठी राखीव असतो.

पुरातत्त्व खात्याच्या जागांची तिकिटं मोबाइलवर आदल्या रात्री काढून ठेवा, म्हणजे दाराशी रांग लावावी लागत नाही. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. वयाचा पुरावा मात्र जवळ असू द्या.

बुधवार : मेहरौली

गाडीतून उतरून, आंघोळ-नाश्ता उरकून अकरापर्यंत निघालात तरी चालेल. यलो लाइनने कुतुबमिनार स्टेशन, तिथून रिक्षा. आत गेल्यावर सगळे मिनाराकडे धावतात. तुम्ही आधी बाजूच्या कुव्वतुल-इस्लाम मशिदीच्या ओवरीत शिरा आणि खांब बघा. पाडलेल्या देवळांचे खांब एकावर एक रचून ही ओवरी उभी केली आहे. साखळीला लटकणाऱ्या घंटा, पूर्णकलश, कीर्तिमुखं अजून स्पष्ट दिसतात.

मग समोरची उंच कमानींची भिंत बघा. दिसायला कमान आहे, पण दगड नीट पाहा : ते आडवे थर आहेत, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे काढलेला. इथल्या गवंड्यांना पाचरीच्या दगडांची खरी कमान तोवर सवयीची नव्हती, म्हणून त्यांनी देवळाच्या पद्धतीने कमानीचा आकार साधला. तिथून दक्षिणेला अलाउद्दीन खिलजीने १३११ मध्ये बांधलेल्या अलाई दरवाजापाशी या. इथे पाचरीचे दगड एकमेकांना धरून उभे आहेत, वर खरा घुमट आहे. शंभर-सव्वाशे वर्षांत गवंडी काय शिकले ते दोनशे पावलांत दिसतं. मुलांना एवढं दाखवलं की पुढचे तीन दिवस ती स्वतःहून कमानी तपासत फिरतात. आणि हा अलाउद्दीन म्हणजे १२९६ मध्ये देवगिरीवर चालून आलेला तोच.

मिनार साडेबहात्तर मीटर उंच. कुतुबुद्दीन ऐबकाने सुरू केला, इल्तुतमिशने वर नेला आणि वीज पडल्यावर फिरोजशाह तुघलकाने वरचे मजले नव्याने बांधले. खालचे मजले लाल दगडाचे आणि वर संगमरवराचे पट्टे का, हे त्यावरून कळतं. १९८१ मध्ये आतल्या जिन्यात चेंगराचेंगरी होऊन माणसं दगावली, तेव्हापासून वर सोडत नाहीत. अंगणातला लोहस्तंभ गुप्तकाळातला, सव्वासात मीटरचा. त्याच्यावरचा ब्राह्मी लेख कठड्याबाहेरूनही दिसतो.

दुपारी शेजारच्या मेहरौली पुरातत्त्व उद्यानात जा. इथे तिकीट नाही, गर्दी नाही. राजों की बावली ही १५०६ सालची पायऱ्यांची विहीर आणि जमाली-कमालीची मशीद एवढं तरी बघाच. पाय थकले नसतील तर टॅक्सी करून तुघलकाबादचा किल्ला गाठा. गियासुद्दीन तुघलकाने १३२१ मध्ये तो बांधायला घेतला आणि थोड्याच काळात तो ओस पडला. त्याचा मुलगा मुहम्मद तुघलक यानेच १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली. दौलताबादचा किल्ला चढलेल्या माणसाने ही उतरती, जाडजूड तटबंदी एकदा बघावी. अंधार पडायच्या आत मात्र तिथून बाहेर पडा, आत वस्ती नाही.

गुरुवार : हुमायूनच्या मागावर

सकाळी पुराना किला. आतला शेर मंडल हा अष्टकोनी मनोरा बाहेरूनच बघायचा. १५५६ च्या जानेवारीत हुमायून याच्या जिन्यावरून पडला आणि त्यातच गेला. तिथून रिक्षाने त्याच्या मकबऱ्याकडे. आत शिरल्यावर उजव्या हाताला ईसा खानची कबर आहे, १५४७ सालची, म्हणजे मकबऱ्यापेक्षाही जुनी. लोक ती ओलांडून पुढे जातात. तुम्ही आधी तीच बघा. बसका, अष्टकोनी आकार डोळ्यांत साठवा आणि मग मुख्य दारातून पुढे या. समोरचा उंच चौथरा, पाण्याच्या सरळ रेघांनी चार भागांत वाटलेली बाग आणि पांढरा दुहेरी घुमट बघितल्यावर मोगल काय घेऊन आले ते वेगळं सांगावं लागत नाही. हा मकबरा हुमायूनच्या बेगमेने बांधवला. १८५७ मध्ये बहादूरशाह जफर इथेच लपला होता आणि इथूनच इंग्रजांनी त्याला धरून नेलं. दाराशेजारी २०२४ पासून नवं संग्रहालय सुरू झालं आहे, उन्हाची वेळ तिथे काढा. नंतर शेजारच्या ‘सुंदर नर्सरी’ या बागेत मुलांना मोकळं सोडा.

सूर्यास्ताच्या आधी दर्ग्याकडे निघा. गल्ली अरुंद, गर्दी दाट, पाकीट पुढच्या खिशात ठेवा. ‘चप्पल इथे ठेवा, फुलं घ्या’ म्हणून दोन्ही बाजूंनी हाका येतील. थेट आतल्या दारापाशी जाऊनच चप्पल काढा. डोकं झाकायला रुमाल किंवा ओढणी हवी. रिवाजाप्रमाणे आधी अमीर खुसरोच्या मजारीवर, मग निजामुद्दीन औलियांच्या. गुरू आणि शिष्य दोघेही १३२५ मध्येच गेले. स्त्रियांना मजारीच्या आतल्या खोलीत जाता येत नाही, बाहेर जाळीशी बसता येतं. संध्याकाळच्या नमाजानंतर अंगणात कव्वाल बसतात. जागा धरून खाली बसा आणि निदान अर्धा तास मोबाइल खिशात ठेवा.

शुक्रवार : शाहजहानाबाद

शुक्रवारी दुपारच्या नमाजासाठी जामा मशिदीत प्रचंड गर्दी असते आणि त्या वेळी पर्यटकांना आत घेत नाहीत. म्हणून सकाळी आठलाच तिथे पोचा. पोटात काही ढकलायचं तर आसपासच्या गल्ल्यांत बेडमी पुरी आणि बटाट्याची झणझणीत भाजी मिळते. हिवाळा असेल तर ‘दौलत की चाट’वाला शोधा : मोठ्या थाळीत दुधाचा पिवळसर फेस, वर जाळीचं कापड, द्रोणात काढून त्यावर पिठीसाखर आणि पिस्ते. जिभेवर ठेवताच विरतो. ऊन चढलं की फेस बसतो, म्हणून हे थंडीतलं खाणं.

मग लाल किल्ला. तपासणीला वेळ लागतो, तो धरून चला. १६४८ मध्ये किल्ला पुरा झाला. मराठी माणसाने इथे दीवान-ए-खासपुढे थांबलंच पाहिजे. त्या पांढऱ्या महालाचं छत चांदीचं होतं. नादिरशाहने १७३९ मध्ये मयूरासन नेलं. चांदीचं छत १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उतरवून वितळवलं, फौजेच्या खर्चाला पैसा हवा होता म्हणून. पुढच्याच जानेवारीत पानिपत झालं. याच किल्ल्यात १७८८ मध्ये गुलाम कादिरने बादशहा शाहआलमचे डोळे काढले, आणि महादजी शिंद्यांच्या फौजेने येऊन किल्ला सोडवला. १८०३ मध्ये इंग्रज जिंकेपर्यंत दिल्लीवर शिंद्यांचा अंमल होता. तिथल्या फलकांवर शोधण्यापेक्षा हे वाचूनच जा आणि मुलांना तिथे उभं करून सांगा. १८५७ नंतर इंग्रजांनी आतले बरेचसे महाल पाडून बराकी बांधल्या. मधेच मोकळं मैदान का आहे, याचं उत्तर ते.

दुपारनंतर चांदणी चौक. सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंदी आहे, त्यामुळे चालत जाता येतं. लाल जैन मंदिर, मग १६७५ मध्ये गुरू तेगबहादुरांचं बलिदान झालं तो सीसगंज गुरुद्वारा, पुढे फतेहपुरी मशीद. तिच्यामागे खारी बावली, मसाल्यांचा घाऊक बाजार. मिरचीच्या खकाण्याने ठसका लागतो, तोंडाला रुमाल धरा. वर्षाचा गरम मसाला इथूनच घ्या. साड्यांच्या किनारी, जरी हवी असेल तर किनारी बाजार.

शनिवार : नवी दिल्ली

राजधानी कलकत्त्याहून इथे आणायची घोषणा १९११ मध्ये झाली, नव्या शहराचं उद्घाटन १९३१ मध्ये. राष्ट्रपती भवन आतून बघायला ऑनलाइन नोंदणी आधीच करावी लागते. ओळखपत्र मूळ न्या. नंतर राष्ट्रीय संग्रहालयात हडप्पा दालन, तिथली बोटभर उंचीची मोहेंजोदडोची नर्तिका शोधा. संध्याकाळी इंडिया गेट आणि राष्ट्रीय युद्ध स्मारक. वरणभाताची आठवण झालीच तर कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदन आहे.

रविवारी परतीच्या गाडीआधी सकाळ मोकळी असेल तर सिव्हिल लाइन्सला २६, अलीपूर रोडवर जा. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी याच जागी झालं. आता तिथे उघड्या पुस्तकाच्या आकाराचं राष्ट्रीय स्मारक आहे.

रस्त्यावर आणि स्टेशनावर

रिक्षा ॲपवरून बोलवा किंवा बसण्याआधी भाडं ठरवा. ‘ती जागा आज बंद आहे, दुसरीकडे नेतो’ असं कुणी म्हणालं तर मान हलवून पुढे चला. त्या दुसरीकडे एखादं दुकान असतं. स्टेशनबाहेर ‘तुमचं तिकीट रद्द झालंय’ सांगणाऱ्याकडे लक्ष न देता आपल्या मोबाइलवर पीएनआर तपासा.

आणि परतीच्या तिकिटावर स्टेशनचं नाव नीट वाचा. दिल्लीत नवी दिल्ली, जुनी दिल्ली, हजरत निजामुद्दीन, आनंदविहार अशी चार मोठी स्टेशनं आहेत, एकमेकांपासून लांब. नवी दिल्लीला मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूला उतरवते आणि फलाट क्रमांक १ पहाडगंजच्या बाजूला आहे. सामान घेऊन पूल ओलांडायला वेळ लागतो. गाडीच्या तासभर आधी पोचा.