बोधांक लावायला शिकवण्याआधी काय काय तयार ठेवायचं

तिसरी-चौथीच्या मुलांना ग्रंथालयातली पुस्तकं बोधांकाप्रमाणे, म्हणजे पाठीवरच्या लेबलावर लिहिलेल्या, पुस्तकाची जागा सांगणाऱ्या आकड्याप्रमाणे, लावायला शिकवायची असतील, तर आदल्या दिवशी तासभर काढून ही तयारी कराच. मुलं समोर येऊन बसली की काही सुचत नाही.

कार्डं, जाड पेन, मोकळं टेबल, चार-चार जणांचे गट, हे सांगायला नको.

सगळ्यात आधी गणिताच्या शिक्षकांना एक प्रश्न विचारून या: या वर्गाचे दशांश अपूर्णांक झाले आहेत का? मागच्या वेळी नेमकं हेच राहून गेलं आणि सगळा तास त्यात गेला. हे आकडे ज्या पद्धतीने विषयाप्रमाणे दिले जातात त्या ड्युई दशांश वर्गीकरणात दशांश हा शब्द नावातच आहे, तरी आपण टिंबाआधीच्या तीन अंकांवरच जोर देतो. ते तीन अंक मुलांना येतातच. ५२३ आधी, ५९८ नंतर, यात शिकवण्यासारखं फार नाही. फक्त सुरुवातीचं शून्य गाळू देऊ नका. ०२५ म्हणजे २५ नव्हे, टिंबाआधी तीन अंक असतातच. खरी अडचण टिंबानंतर सुरू होते. टिंबानंतर एकेक अंक वाचायचा. एकेक. हे फळ्यावर वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि तास संपेपर्यंत पुसू नका.

त्यासाठी कार्डांचा एक संच मुद्दाम अवघड करा. माझा संच सस्तन प्राण्यांचा असतो, कारण ही पुस्तकं मुलं आपणहून मागतात: देवमासे ५९९.५, हत्ती ५९९.६७, वाघ ५९९.७५६, माकडं ५९९.८. कार्डं याच क्रमाने लागतात. मुलं मात्र ५, ८, ६७, ७५६ अशी लावतात, कारण त्यांना सदुसष्ट आठापेक्षा मोठे दिसतात. त्यांच्या हिशेबाने ते बरोबरच आहे, म्हणून नुसतं ‘चूक’ म्हणू नका. टिंबानंतरचा फक्त पहिला अंक उघडा ठेवून बाकीचे कागदाच्या पट्टीने झाका. आता दिसतात ५, ६, ७, ८. वाद संपला. पहिला अंक सारखा निघाला तरच पट्टी एक घर सरकवायची. ही पट्टी प्रत्येक गटाला हवी, एकट्या तुमच्या हातात असून उपयोग नाही. पट्ट्या आधीच कापून ठेवा.

तोंडाने म्हणतानाही तेच. ‘पाचशे नव्व्याण्णव पूर्णांक सदुसष्ट’ असं कुणालाही म्हणू देऊ नका. ‘पाच नऊ नऊ, टिंब, सहा सात’ असंच म्हणायचं. तुम्हीही. एकदा तुमच्या तोंडून सदुसष्ट निघालं की मुलं दिवसभर सदुसष्टच म्हणतात. पैशांचं उदाहरणही टाळा. पैसे लिहिताना टिंबानंतर नेहमी दोन अंक असतात, बोधांकात एक असू शकतो आणि चारही.

लांब आकडा मोठा नसतो, जास्त नेमका असतो, हे सांगायला वाघाचंच कार्ड घ्या. ५९९.७५ मध्ये सगळं मार्जारकुल येतं, ५९९.७५६ वर वाघ, ५९९.७५७ वर सिंह. म्हणजे कुळाचं पुस्तक आधी आणि त्यातल्या एका प्राण्याचं त्याच्या लगेच मागे. जिथे अंक आधी संपतो ते पुस्तक आधी लावायचं. हे एकदा कळलं की मुलं स्वतःच ‘मग बिबट्या कुठे?’ विचारायला लागतात, आणि तेव्हा त्यांना पुस्तकांकडे जाऊ द्यावं. शून्यं जोडून लांबी सारखी करायची युक्ती (५९९.५००, ५९९.६७०) चौकटीच्या वहीत उत्तर तपासायला ठीक आहे, पण सुरुवात तिने करू नका. कपाटासमोर उभं राहून कुणी शून्यं जोडत बसत नाही. तिथे टिंबानंतर एकेक अंक हीच रीत कामाला येते.

कार्डं खऱ्या लेबलासारखी लिहा, एका सरळ ओळीत नको. बारीक पाठीच्या पुस्तकावर जागा नसते, मग ५९९ एका ओळीत आणि .७५६ खालच्या ओळीत जातं. मुलं ते दोन वेगळे आकडे समजतात. त्याखाली लेखकाच्या आडनावाची अक्षरं. आणि आतल्या पानावरचा दाखल क्रमांक (पुस्तक ग्रंथालयात दाखल होताना मिळालेला आकडा) वेगळा, त्याचा मांडणीशी संबंध नाही, हे एक पुस्तक उघडून दाखवाच, नाहीतर निम्मा गट तोच आकडा लावत बसतो.

आकडा तंतोतंत सारखा असेल तरच अक्षरांकडे जायचं. कर, कान, कुल: बाराखडीचा क्रम मुलांना पाठ असतो, अडत नाही. अनुस्वार, क्ष आणि ज्ञ कुठे लावायचे हे ग्रंथपालांना आधी विचारून घ्या, पद्धती वेगवेगळ्या असतात.

मग कपाट. सरावासाठी एकच फळी निवडा, आणि ती आदल्या दिवशी स्वतः तपासा. मुळातच चुकीची लागलेली असेल तर बरोबर लावणारं मूल गोंधळतं. फळीवर टिंबानंतर एक, दोन आणि तीन अंकांची पुस्तकं मिसळलेली हवीत. सगळे बोधांक टिंबाशिवायचे निघाले तर ती फळी काही कामाची नाही, दुसरी घ्या. डावीकडून उजवीकडे, मग त्याच कपाटाची खालची फळी. शेजारच्या कपाटात उडी नाही. बोट दाखवून सांगा.

शर्यत लावू नका, घाईत मुलं पुन्हा सदुसष्टवर जातात. तपासणी दुसऱ्या गटाकडून, पट्टी घेऊन, टिंबानंतर एकेक अंक. चित्रपुस्तकं आणि संदर्भग्रंथ पुढच्या तासाला. कार्डं गोळा करताना पिसून ठेवा, क्रमाने लागलेला गठ्ठा पुढच्या गटाच्या हाती गेला तर त्यांना करायला काही उरत नाही.