पेटी तीच, पट्ट्या त्याच, सा मात्र वेगळा

थाट किंवा पाश्चात्त्य मोड, म्हणजे सात स्वरांचे ठरावीक संच, शिकायला येणाऱ्यांना मी आधी तक्ता पाठ करू देत नाही. पेटी पुढ्यात घ्या, तंबोऱ्याचं अ‍ॅप लावा आणि नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवा. पांढरी एक म्हणजे दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी. तिला सा धरला की सगळे स्वर शुद्ध, म्हणजे बिलावल थाट. पाश्चात्त्य संगीतात हाच आयोनियन मोड.

आता त्याच पट्ट्या ठेवून पांढरी दोनला सा माना. ग आणि नी कोमल, म्हणजे शुद्धापेक्षा उतरलेले, झाले, काफी थाट आला, म्हणजेच डोरियन. तीनपासून भैरवी, चारपासून कल्याण, पाचपासून खमाज, सहापासून आसावरी. सातव्या पट्टीला सा केलं तर पंचमच सापडत नाही. शुद्ध आणि तीव्र (चढा) मध्यम मात्र शेजारी शेजारी येतात. पाश्चात्त्य लोक त्याला लोक्रियन म्हणतात. संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या दहा थाटांत त्याला जागा नाही. उरलेले चार थाट, म्हणजे भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी, पांढऱ्या पट्ट्यांवर कुठूनही सुरुवात केली तरी मिळत नाहीत.

सा सरकवून नवी स्वरावली काढण्याला आपल्याकडे मूर्च्छना म्हणतात. ती खरी कळण्यासाठी एक गोष्ट मी आग्रहाने करायला लावते: प्रत्येक वेळी तंबोऱ्याचा सूरही बदला. तो पांढरी एकवरच राहिला आणि बोटं दोनपासून दोनपर्यंत फिरली, तर कानाला रेपासून सुरू केलेला बिलावलच ऐकू येतो. तंबोरा पांढरी दोनवर आणला की तेच स्वर एकदम काफी होतात. पुस्तकातून मोड शिकलेल्या गिटारवाल्यांना हे करून दाखवलं की त्यांचे चेहरे बदलतात, आणि मला तो क्षण फार आवडतो.

सर्वांत सुंदर प्रयोग मात्र काळ्या पट्ट्यांचा. काळी तीनला, म्हणजे तीन काळ्यांच्या गटातल्या पहिलीला, सा धरा आणि फक्त काळ्या वाजवा: सा रे ग प ध, भूप रागाचे स्वर. काळी चारपासून सा रे म प आणि कोमल नी, हे मधमाद सारंगाचे. काळी पाचपासून मालकंस. इथे पंचम नाही, म्हणून तंबोऱ्यात पंचमाऐवजी मध्यम लावा. काळी एकपासून दुर्गा, काळी दोनपासून धानी. पट्ट्या पाचच, राग पाच! प्रत्येकावर निदान एक आठवडा थांबा. एका बैठकीत पाचही फिरून आलात तर बोटांना कळेल, कानात काही राहणार नाही.

इथे नवशिक्यांना वाटतं की स्वर मिळाले म्हणजे राग मिळाला. तसं नाही. थाट किंवा मोड म्हणजे हाताशी असलेले स्वर. राग त्या स्वरांतून कसं चालायचं ते ठरवतो. भूप आणि देशकार यांचे स्वर अगदी एकच. पण भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार, तो पूर्वांगात, सप्तकाच्या खालच्या भागात, रमतो. देशकाराचा वादी धैवत, तो उत्तरांगात, वरच्या भागात. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचंही तेच: पंचम नाही, रे कोमल, म तीव्र, आणि तरी तिघांचे स्वभाव किती वेगळे! म्हणून मूर्च्छनेतून मालकंसाचे स्वर निघाले, की पेटी बाजूला ठेवून एखाद्या चांगल्या गायकाचा मालकंस सलग ऐका आणि तो मध्यमावर कसा येऊन थांबतो ते बघा.

आणि शक्य असेल तेवढं गाऊन बघा. पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, भूप गाताना हा फरक स्पष्ट कळतो. पट्टी कुठली ते पेटीवर शोधा, सूर तंबोऱ्याशी जुळवा. पहिला महिना काफी आणि आसावरी या जोडीला द्या. दोघांत फरक फक्त धैवताचा, काफीत शुद्ध, आसावरीत कोमल.