इंदूरच्या जुन्या लोकसभा निवडणुकांचे कागद कसे शोधावेत

इंदूरची १९५१-५२ ची पहिली लोकसभा निवडणूक शोधायला बसलं की पुष्कळ जण निवडणूक आयोगाच्या अहवालात ‘मध्य प्रदेश’ हे पान उघडतात. समोर नागपूर, वर्धा अशी नावं येतात आणि इंदूर काही सापडत नाही. अहवाल चुकलेला नसतो. त्या वेळच्या मध्य प्रदेशाची राजधानीच नागपूर होती. इंदूर आणि ग्वाल्हेर ‘मध्य भारत’ या वेगळ्या राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली, म्हणून १९५७ पासूनच इंदूर मध्य प्रदेशाखाली मिळतं. बडोद्याच्या मंडळींनी १९५२ आणि १९५७ या दोन्ही निवडणुका ‘मुंबई’ राज्यात शोधाव्यात, कारण गुजरात झालं १ मे १९६० ला.

जिल्हा आणि मतदारसंघ हेही एक समजू नका. महू इंदूर जिल्ह्यात आहे, पण २००८ च्या फेररचनेनुसार लोकसभेला ते धार मतदारसंघात मोडतं. इंदूर लोकसभेत देपालपूर, इंदूर १ ते ५, राऊ आणि सांवेर असे आठ विधानसभा विभाग येतात. त्याआधीच्या वर्षांसाठी त्या त्या काळचा परिसीमन आदेश (मतदारसंघांच्या हद्दी ठरवणारा आदेश) आधी वाचा, मगच आकड्यांची तुलना करा.

सुरुवात निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालांपासून करावी. ते संकेतस्थळावर फुकट मिळतात. जुन्या वर्षांचे दोन खंड आहेत: पहिल्यात राज्यवार गोषवारा आणि उमेदवारनिहाय मतं, दुसऱ्यात प्रत्येक मतदारसंघाचं एक पान, म्हणजे मतदार किती, मतदान किती, बाद मतं किती, अनामत किती जणांची गेली. नावं रोमन लिपीत आहेत आणि स्पेलिंग बदलतं, तेव्हा नावानं शोधू नका, मतदारसंघाचं पान काढा. पक्षाचा रकानाही जपून वाचा. १९६२ चे विजेते होमी दाजी साम्यवादी चळवळीतले, पण अहवालात ते ‘अपक्ष’ आहेत.

१९५१ आणि १९५७ च्या अहवालांत द्विसदस्य, म्हणजे दोन खासदार निवडून देणारे मतदारसंघही होते. तिथे एका मतदाराला दोन मतं असत, त्यामुळे मतांची बेरीज मतदारांपेक्षा जास्त दिसू शकते. त्यावरून टक्केवारी काढली तर ती चुकणारच.

वॉर्डातलं किंवा मोहल्ल्यातलं मतदान हवं असेल तर खरा कागद म्हणजे प्ररूप २०, अंतिम निकालपत्रक. प्रत्येक विधानसभा विभागाचं वेगळं पत्रक असतं. आडव्या ओळीत मतदान केंद्राचा क्रमांक, पुढे उमेदवारांची मतं, मग एकूण वैध मतं, बाद मतं, नोटा (‘वरीलपैकी कुणीही नाही’ची मतं), एकूण आणि शेवटी प्रदत्त मतं (आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेल्यावर खऱ्या मतदारानं दिलेली). टपाली मतं तळाशी वेगळी मांडलेली असतात. नोटा वैध मतांत धरत नाहीत. इंदूरला २०२४ मध्ये नोटाला २,१८,६७४ मतं पडली, म्हणून विजेत्याची टक्केवारी वैध मतांवर काढली तर एक येते आणि एकूण मतांवर काढली तर दुसरी. कशावर काढली ते लिहूनच ठेवा.

केंद्राचा क्रमांक दर निवडणुकीत बदलू शकतो. केंद्र क्रमांक ४५ दोन्ही वर्षी एकच शाळा असेल असं मुळीच गृहीत धरू नका. त्या वर्षीची मतदान केंद्रांची यादी सोबत मागा. मतपत्रिकांच्या काळात काही वेळा केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजत. अशा निवडणुकीचा केंद्रनिहाय आकडा कधी तयारच झालेला नसतो, तो कुठल्याही कचेरीत मिळायचा नाही.

अलीकडची प्ररूप २० राज्याच्या मुख्य निर्वाचन पदाधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर असतात. जुन्यासाठी जिल्हा निर्वाचन कार्यालयात माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज हिंदीत लिहा आणि कचेरीचेच शब्द वापरा: ‘लोकसभा निर्वाचन, वर्ष अमुक, विधानसभा क्षेत्र अमुक, प्ररूप २० की सत्यप्रतिलिपि’. ‘निवडणुकीची सर्व कागदपत्रं’ असं मोघम मागितलं की अर्ज हमखास अडतो. नुसते कागद पाहायचे असतील तर ‘अवलोकन’ मागा.

काही गोष्टी मागून मिळतच नाहीत. निवडणूक संचालन नियम १९६१ चा नियम ९३ सांगतो की मतपत्रिका, त्यांच्या स्थळप्रती, खुणा केलेली मतदार यादी आणि प्ररूप १७क ची मतदार नोंदवही ही मोहोरबंद पाकिटं न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडता येत नाहीत. नियम ९४ प्रमाणे न वापरलेल्या मतपत्रिका सहा महिन्यांनी आणि बाकीची ही पाकिटं वर्षभरानं नष्ट करतात, न्यायालयानं वेगळं सांगितलं नसेल तर. म्हणजे १९६७ साली अमक्यानं मत दिलं होतं का, हे या कागदांतून आज कळायचं नाही. वाद झाला असेल तर उच्च न्यायालयातल्या निवडणूक याचिकेचा निकाल पाहा. त्यात पुष्कळदा मूळ कागदांतले तपशील उतरवलेले असतात.

पहिल्या निवडणुकांचा प्रशासकीय पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोधावा. त्याची सूची ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर चाळता येते, भोपाळला प्रादेशिक कार्यालयही आहे. तिथे ‘इंदूर’ एवढंच टाकून थांबू नका, ‘मध्य भारत’ही टाका. फाइलचा विभाग, वर्ष आणि क्रमांक टिपून मगच प्रवासाचं तिकीट काढा.