इंग्लिशच्या तासाला पोरांना बोलतं कसं करायचं: बसच्या टायमिंगचा खेळ

आमच्या बेळगाव भागातली पोरं घरात मराठी बोलतात आणि बाजारात समोरचा कन्नड बोलला की झटकन कन्नडवर जातात. पण इंग्लिशचा तास आला की तीच पोरं मान खाली घालून ‘येत नाही की ओ टीचर’ म्हणतात. बाजारात बोलल्याशिवाय काम होत नाही म्हणून बोलतात, तशी गरज वर्गात पण तयार करायची, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

आधी फक्त तीन वाक्यं घ्या: ‘व्हॉट टाइम इज द बस टू निपाणी?’, ‘इट्स ॲट नाइन थर्टी’ आणि ‘सॉरी, से इट अगेन प्लीज’. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कारण कळलं नाही तर गप्प बसायची सवय त्यानंच मोडते. फळ्यावर लगेच लिहू नका, लिहिलं की पोरं वाचायला लागतात, बोलत नाहीत. तोंडानं म्हणून घ्या, आधी सगळे, मग एकेक रांग.

मग दोन प्रकारच्या चिठ्ठ्या करा. एकीवर निपाणी आणि खानापूरच्या बसची वेळ लिहायची, गोकाक आणि चिकोडीची जागा रिकामी ठेवायची, दुसरीवर बरोबर उलटं. जोडीतल्या दोघांना पाठीला पाठ लावून बसवा, म्हणजे चिठ्ठीत डोकावता येत नाही, खुणा करता येत नाहीत, विचारावंच लागतं आणि ते पण मोठ्यानं. पाच मिनिटांनी जोडी बदला, नवीन वेळा द्या. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला तीच पोरं न अडखळता विचारायला लागतात, मला तर हे बघायला फार आवडतं.

मध्येच चुका काढू नका. ‘व्हॉट टाइम बस इज?’ असं कानावर पडलं तर वहीत टिपून ठेवा, शेवटी दोन-तीनच चुका, नाव न घेता, सगळ्यांकडून नीट म्हणून घ्या. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी मनात तीन-चार आकडे मोजा, लगेच दुसऱ्याला उठवू नका. शब्द अडला तर मराठीत किंवा कन्नडमध्ये शेजाऱ्याला विचारू दे, त्यानं काही बिघडत नाही.

उच्चारातली एक गोष्ट मात्र वेळ काढून शिकवाच. ‘व्हॅन’ आणि ‘वन’ यांची सुरुवात पोरं एकसारखीच करतात, कारण मराठीत काय आणि कन्नडमध्ये काय, ‘व’ एकच. त्यात ‘व्हॅन’ आणि ‘व्हॉट’ दोन्ही आपण ‘व्ह’नंच लिहितो, उच्चार मात्र वेगळे. ‘व्हॅन’ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे आणि हवा सोडायची, ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. ‘वन’ आणि ‘व्हॉट’ला दात लावायचेच नाहीत, शिट्टी वाजवताना करतो तसा ओठांचा चंबू करायचा. छोटा आरसा नेला तर पोरं स्वतःच बघून दुरुस्त करतात.

पुढच्या तासाला हाच खेळ दुकानाचा करा, एकाकडे कुंदा आणि करदंट या मिठायांचे भाव, दुसऱ्याकडे नुसती यादी आणि ठरलेले पैसे, एवढ्यात काय-काय येतं ते विचारून-विचारून ठरवायचं.