एक्सएमएल घ्यावं की साधा फॉरमॅट?

डेटा कशात साठवायचा हे ठरवताना आधी त्याचा आकार बघा. सरळ रांगा-रकाने असतील तर सीएसव्ही (CSV, म्हणजे प्रत्येक ओळीत स्वल्पविरामाने वेगळे केलेले रकाने) पुरेसं आहे. तिथे एक्सएमएल (XML, म्हणजे माहितीभोवती नावाच्या खुणा, अर्थात टॅग, लावणारा फॉरमॅट) आणलं तर प्रत्येक आकड्याभोवती उघडणारा आणि बंद होणारा टॅग येतो आणि फाइल उगाच फुगते. मात्र 'लाल, मोठा' असा स्वल्पविराम असलेला मजकूर सीएसव्हीत दुहेरी अवतरणात टाकायला विसरू नका, नाहीतर त्या ओळीतले पुढचे सगळे रकाने एकेक घर सरकतात.

एकात एक गुंतलेली माहिती असेल, म्हणजे ऑर्डर, तिच्यात वस्तू, प्रत्येक वस्तूचे रंग, तर जेसन (JSON, म्हणजे कंसांमध्ये नाव-मूल्याच्या जोड्या आणि याद्या लिहिण्याचा फॉरमॅट) घ्या. प्रोग्रॅममधल्या याद्या त्यात जशाच्या तशा उतरतात. त्यात कॉमेंट (वाचणाऱ्यासाठीची टीप) लिहिता येत नाही, म्हणून हाताने बदलायच्या सेटिंग फाइलसाठी मला ते आवडत नाही.

मग १९९८ पासूनचं एक्सएमएल कधी? मजकुराच्या मधोमध खुणा करायच्या असतील तेव्हा. एका वाक्यात दोन शब्द ठळक, एकावर लिंक, बाकी साधे: हे एक्सएमएलमध्ये सहज बसतं. जेसनमध्ये त्याच वाक्याचे तुकडे पाडून यादी करावी लागते आणि ती वाचायला नको वाटते. शिवाय दोन संस्थांमध्ये कागदपत्रांची देवाणघेवाण असेल आणि चुकीची फाइल दारातच अडवायची असेल, तर एक्सएसडी स्कीमा (एक्सएमएल फाइलमध्ये काय, कुठे असावं याची नियमावली) फार भक्कम काम करतो. फक्त बाहेरून आलेली एक्सएमएल फाइल वाचताना पार्सरमध्ये (फाइल वाचून उलगडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) एक्स्टर्नल एंटिटी, म्हणजे फाइलमधून बाहेरचा मजकूर ओढून आणायची सोय, बंद ठेवा; त्या वाटेने सर्व्हरवरच्या फाइली बाहेर जाऊ शकतात.