ठाण्याच्या थंडीत करायचा बोहाड्याचा मुखवटा

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ पाड्यांवर होळीनंतर, चैत्र-वैशाखात बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून देव-राक्षसांची सोंगं नाचवण्याचा उत्सव, रंगतो. 2014 पर्यंत हा भाग ठाणे जिल्ह्यातच होता. टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर सोंगं एकामागून एक नाचत येतात. तसा मुखवटा घरी करायचा तर डिसेंबर-जानेवारी गाठा. ठाण्याच्या पावसाळी हवेत कागद चिकटवायची खळ वाळण्याआधीच बुरशी धरते.

आधी सोंग ठरवा. गावात देवांची सोंगं पूजली जातात, बरीचशी ठरलेल्या घराण्यांकडे चालत आलेली असतात. त्यामुळे एखाद्या गावच्या देवीच्या मुखवट्याची हुबेहूब नक्कल करू नये. शिकायला राक्षस बरा: डोळे बटबटीत, नाक मोठं, मिशा रंगवायच्या.

शाडूची माती 4 किलो पुरते. पाटावर 35 सेंटिमीटर उंचीचा चेहरा उभारा. हा साचा, याच्यावर कागदाचे थर चढवायचे. नाकपुड्या किंवा हनुवटीखाली माती आत खोल कोरलीत तर वाळलेला कागद तिथे अडकतो आणि सोडवताना फाटतो. म्हणून सगळे उतार बाहेरच्या बाजूला मोकळे ठेवा.

खळीला 1 वाटी मैदा, 5 वाट्या पाणी. गुठळ्या मोडून मंद आचेवर चकाकी येईपर्यंत शिजवा. किडीसाठी मोरचूद घालायची पद्धत आहे, पण हा मुखवटा नाकातोंडाशी येणार, तेव्हा ते नकोच. चमचाभर मेथीची पूड घाला.

पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा, खळ न लावता. त्यामुळे मुखवटा मातीला चिकटत नाही. पुढचे थर एक वर्तमानपत्राचा, एक खाकी कागदाचा असे आलटून पालटून द्या, म्हणजे कुठे जागा सुटली ते रंगावरून लगेच दिसतं. कागद कापू नका, हाताने फाडा. फाटलेली कड विरळ असते, तिचा कंगोरा उठत नाही. एका वेळी तीनच थर, मग दोन दिवस सावलीत. घाईने पाच-सहा थर चढवले की वरून कडकडीत आणि आतून ओलं राहतं, मग वास सुटतो. गॅलरीतल्या थेट उन्हात कडा वळतात. एकूण नऊ-दहा थर झाले, टिचकी मारल्यावर टणक आवाज आला, की साच्यावरून उतरवा.

आता बघायची भोकं. ती रंगवलेल्या बुबुळांत पाडायचा मोह होतो, पण मोठ्या मुखवट्यात बुबुळं तुमच्या डोळ्यांच्या वर जातात. मुखवटा तोंडावर धरून दुसऱ्याकडून खूण करून घ्या. बहुधा ती डोळ्याखालच्या सुरकुतीत येते. तिथे 4 सेंटिमीटर लांबीची फट पुरते, काळ्या रेघेत ती लपते.

खडूची पूड आणि फेविकॉल यांचे दोन हात देऊन घासा, मग पोस्टर रंग, शेवटी वॉर्निश.

बांधायला दोन कानपट्ट्या पुरत नाहीत. नाचताना मुखवटा पुढे ओघळतो. तिसरी पट्टी कपाळावरून डोक्यामागे न्या. पट्ट्यांची भोकं कडेपासून दोन सेंटिमीटर आत, दोन्हीकडून सुती कापड चिकटवून मगच पाडा. आत कपाळाला आणि गालांना कापडाच्या गुंडाळ्या शिवा, म्हणजे श्वासाला जागा राहते. रंगीत तालमीत गिरक्या घेऊन पाहा. पट्टी कुठे काचते ते तेव्हाच कळतं.